शालेय छळ : मूल बोलल्यानंतर यंत्रणा कुठे थांबते?

नवी दिल्ली (वृत्तविश्लेषण) : जयपूरमधील एका खासगी शाळेत चौथीत शिकणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीचा नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळेतच मृत्यू झाला. वर्गातील काही मुले तिला दीर्घकाळ त्रास देत होती आणि ही बाब शाळेच्या कानावर घातली होती, असे पालकांचे म्हणणे होते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) चौकशी करून शाळेला कारणे दाखवा नोटीस बजावली. चौकशीतील निष्कर्षांविषयी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार, अखेरच्या पाऊण तासात ती मुलगी पाच वेळा वर्गशिक्षिकेकडे गेली होती.

त्याआधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरी येथे बारावीत शिकणाऱ्या एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्या घरात शिरून कोयत्याने वार करण्यात आले. हल्लेखोर त्याच्याच शाळेतील, वरचढ मानल्या जाणाऱ्या जातीतील विद्यार्थी होते. त्यांच्या त्रासाला कंटाळून त्याने शाळेत जाणे थांबवले होते. शाळेने विचारणा केली तेव्हा त्याने कारण सांगितले आणि त्यानंतर काही तासांतच हल्ला झाला. मध्ये पडलेली त्याची धाकटी बहीणही जखमी झाली.

एक शाळा महानगरी, भरमसाट शुल्काची. दुसरी निमशहरी, शासकीय अनुदानावर चालणारी. मुलांची वये वेगळी, छळाचे स्वरूप वेगळे, परिणामही वेगळे. समान गोष्ट एकच : दोन्ही मुले बोलली होती. प्रत्येक अशा घटनेनंतर ‘मुलांनी मन मोकळे करावे, मोठ्यांना सांगावे’ असा सल्ला दिला जातो. या दोन्ही प्रकरणांत मुलांनी तो सल्ला आधीच पाळला होता. त्यामुळे शालेय छळाविषयीची चर्चा मुलांच्या मौनाभोवती फिरत राहणे सोयीचे असले, तरी ते पुरेसे नाही. तक्रार झाल्यापासून पुढच्या काही तासांत आणि दिवसांत शाळा काय करते, याची तपासणी अधिक निकडीची आहे.

‘मस्करी’ची सोय

इंग्रजीतील ‘बुलिंग’ या शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द रुळलेला नाही. चिडवणे, टर उडवणे, खोड्या काढणे, दादागिरी करणे, डबा हिसकावणे, वर्गाने मिळून एखाद्याशी ‘कट्टी’ घेणे असे सुटे शब्द मात्र भरपूर आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना बालपणाच्या आठवणींचा गोडवा चिकटलेला आहे. हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. शब्द सौम्य असला की तक्रारही सौम्य ठरते. ‘मुलांची मस्करी चालायचीच’ हे वाक्य मुख्याध्यापकांच्या दालनात जितके ऐकू येते, तितकेच घराघरांतही. गंमत अशी की, प्रौढांनी एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे; वर्गाने एखाद्या मुलाला वर्षभर वाळीत टाकले तर त्याची नोंद करायला शाळेत वहीसुद्धा नसते.

नेहमीचे भांडण आणि छळ यांतील सीमारेषा संशोधनाने बऱ्याच अंशी स्पष्ट केली आहे. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी गेल्या शतकातील सत्तरच्या दशकापासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. इजा करण्याचा हेतू, कृतीची पुनरावृत्ती आणि दोन बाजूंमधील बळाची विषमता या तीन खुणा त्यांनी सांगितल्या. बळ म्हणजे केवळ शरीराचे नव्हे. संख्या, लोकप्रियता, पैसा, रंग, भाषा, व्यंग, जात, धर्म यांपैकी कशानेही पारडे झुकू शकते. युनेस्कोने अलीकडच्या काळात या व्याख्येत भर घातली आहे. छळ दोन मुलांमध्ये घडतो खरा, पण भोवतालचे सामाजिक आणि संस्थात्मक संकेत त्याला वाट करून देतात, हे तिने अधोरेखित केले. भारताच्या संदर्भात ही भर मूळ व्याख्येइतकीच महत्त्वाची आहे.

प्रमाण किती? युनेस्कोच्या २०१९ च्या जागतिक अहवालानुसार, सुमारे ३२ टक्के विद्यार्थ्यांना आदल्या महिनाभरात किमान एकदा सहविद्यार्थ्यांकडून छळ सोसावा लागला होता. भारतात मृत्यू मोजले जातात, त्यामागची वाटचाल मोजली जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात २०२२ मध्ये १३,०४४ आणि २०२३ मध्ये १३,८९२ विद्यार्थ्यांनी जीवन संपवले. या नोंदींत ‘परीक्षेतील अपयश’ हे कारण आहे, ‘कौटुंबिक समस्या’ आहे, ‘प्रेमप्रकरण’ आहे. शाळेतील छळ असा रकाना नाही. अर्थात अशा मृत्यूमागे एकच एक कारण क्वचितच असते, हेही येथे नोंदवायला हवे. तरीही जे कारण तक्त्यातच नाही, त्यावर धोरण आखले जाण्याची शक्यता कमी असते.

पाहणारे तिसरे

छळ सहसा एकांतात होत नाही. बसमध्ये, मधल्या सुट्टीत, स्वच्छतागृहाबाहेर, वर्गात शिक्षक येण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत तो होतो आणि पाहणारे असतात. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ च्या अभ्यासात या पाहणाऱ्यांची वर्गवारी केली. काही जण हात देतात, काही हसून वा टाळ्या देऊन उत्तेजन देतात, काही अलिप्त राहतात आणि थोडे जण पीडित मुलाच्या बाजूने उभे राहतात. छळ करणाऱ्याला मिळणारे बक्षीस म्हणजे या प्रेक्षकांत वाढणारी पत. ती पत मिळेनाशी झाली की छळाचे प्रयोजन उरत नाही, या सूत्रावर तेथे ‘किवा’ हा कार्यक्रम उभा राहिला आणि २००९ पासून देशभरातील शाळांत पोहोचला.

नॉर्वेची वाटचाल अधिक बोलकी आहे. तेथे १९८२ च्या अखेरीस तीन किशोरवयीन मुलांच्या आत्महत्यांनी देश हादरला आणि १९८३ मध्ये सरकारने राष्ट्रव्यापी मोहीम हाती घेतली. बर्गन शहरातील ४२ शाळांत ओल्वेउस यांनी राबवलेल्या कार्यक्रमानंतर छळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे त्यांनी नोंदवले. इतरत्र इतके मोठे यश मिळाले नाही. मारिया तोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०११ मध्ये अनेक देशांतील कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा छळ करण्याच्या प्रमाणातील घट साधारण २० ते २३ टक्के आढळली. हा आकडा प्रामाणिक म्हणून उपयुक्त आहे. एका व्याख्यानाने किंवा फलकाने प्रश्न सुटत नाही, आणि वर्षानुवर्षे काम केले तरी तो पूर्ण संपत नाही. पण पाचांतील एका मुलाची सुटका होऊ शकते.

मात्र नॉर्वेकडून घेण्याजोगी खरी गोष्ट कार्यक्रमाची नसून कायद्याची आहे. तेथील शिक्षण कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या बदलानुसार, मुलाला शाळेत सुरक्षित वाटत नाही असा संशय जरी आला तरी प्रत्येक कर्मचाऱ्यावर लक्ष ठेवणे, हस्तक्षेप करणे आणि मुख्याध्यापकांना कळवणे बंधनकारक झाले. त्रास देणारी व्यक्ती शाळेचीच कर्मचारी असेल, तर हे बंधन अधिक कडक होते. मुख्याध्यापकांकडे विषय मांडून आठवडा उलटला आणि काही झाले नाही, तर मूल किंवा पालक थेट प्रांताच्या शासकीय प्रतिनिधीकडे दाद मागू शकतात. घड्याळ तक्रारीपासून सुरू होते. भारतीय व्यवस्थेत बहुतेक वेळा ते मृत्यूपासून किंवा चित्रफीत पसरल्यापासून सुरू होते.

मनगटावरचा धागा

नांगुनेरीनंतर तमिळनाडू सरकारने मद्रास उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एकसदस्यीय समिती नेमली. जून २०२४ मध्ये मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांना सादर झालेला तिचा अहवाल शालेय छळावरील भारतीय दस्तऐवजांत वेगळा उठून दिसतो. छळ करणाऱ्या मुलाचे ‘समुपदेशन’ आणि पीडिताचे ‘मनोधैर्य’ एवढ्यावर तो थांबत नाही. शाळेच्या रोजच्या कारभारात जात कुठून शिरते, याचा तो शोध घेतो.

दक्षिण तमिळनाडूतील अनेक शाळांत विद्यार्थी मनगटावर रंगीत धागे बांधतात. रंगावरून जात कळते. खेळाचा संघ कसा निवडायचा, डबा कोणासोबत खायचा, भांडणात कोणाची बाजू घ्यायची, हे त्या रंगांवरून ठरते. शालेय शिक्षण संचालनालयाने २०१९ मध्येच परिपत्रक काढून अशा शाळा शोधण्याचे आणि ही प्रथा थांबवण्याचे आदेश दिले होते. तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी मात्र परिपत्रक आपल्या माहितीविना निघाल्याचे सांगत पूर्वीचीच स्थिती कायम राहील, असे जाहीर केले. नांगुनेरीची घटना त्यानंतर चार वर्षांनी घडली. परिपत्रक अमलात आले असते तर ती टळली असती, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. परंतु शाळेच्या फाटकापाशी उघड दिसणारी विभागणी सरकारला ठाऊक होती आणि ती राहू देण्यात आली, हे कागदोपत्री सिद्ध आहे.

चंद्रू समितीच्या शिफारशी म्हणूनच तपशिलात शिरतात. शाळांच्या नावांतील जातिवाचक उल्लेख काढावेत. हजेरीपटावर जातीची नोंद दिसू नये. वर्गात मुले आद्याक्षरांच्या क्रमाने बसवावीत. रंगीत धागे, अंगठ्या, कपाळावरील खुणा आणि जातीच्या रंगांत रंगवलेल्या सायकली यांना मनाई असावी. एखाद्या भागात ज्या जातीचे वर्चस्व आहे, त्याच जातीचे मुख्याध्यापक व अधिकारी तेथे नेमू नयेत. ५०० हून अधिक विद्यार्थ्यांच्या माध्यमिक शाळांत स्वतंत्र शाळा कल्याण अधिकारी असावा. आदि द्रविडर कल्याण आणि कळ्ळर पुनर्वसन विभागांच्या शाळा सामान्य शिक्षण विभागाच्या एका छत्राखाली आणाव्यात.

कपाळावरील खुणांच्या मुद्द्यावरून अहवाल राजकीय वादात सापडला. भारतीय जनता पक्षाच्या राज्यातील नेत्यांनी तो हिंदू प्रथांवरील घाला असल्याचे सांगत फेटाळण्याची मागणी केली. वाद टिळ्यावर केंद्रित झाल्याने बाकीच्या शिफारशी चर्चेत मागे पडल्या. त्यांतील शिक्षकांच्या नेमणुकीविषयीची शिफारस अमलात आणायला अवघड आहे आणि शिक्षकाची जात पाहून बदली करणे तत्त्वतःही प्रश्न निर्माण करते. परंतु तिच्यामागचे निरीक्षण चुकीचे नाही. ज्याच्याकडे तक्रार करायची तोच गावातील बलवान गटाचा असेल, तर तक्रारपेटीवर कितीही मोठे कुलूप लावले तरी मुलाला भरवसा वाटणार नाही.

मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शालेय जीवनाचे जे वर्णन केले आहे, त्यात इतर मुलांपासून दूर कोपऱ्यात बसण्यासाठी घरून नेलेले गोणपाट आहे आणि शिपाई हजर नसेल तर दिवसभर न मिळणारे पाणी आहे. तेथे छळ करणारे एखादे ‘वाईट मूल’ नव्हते. बसण्याची जागा, पाण्याचा नळ आणि शिक्षकांचे मौन मिळूनच तो छळ होत होता. आज गोणपाट नाही. शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत आलेल्या मुलाला ‘आरटीईवाला’ म्हणून वेगळे ओळखले जाते तेव्हा मात्र तीच रचना सौम्य रूपात परत येते. वंचित घटकांतील मुलांबाबत भेदभाव होणार नाही याची जबाबदारी हाच कायदा कलम ८ आणि ९ द्वारे सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकतो.

शिक्षकच जेव्हा सांगतात

छळाच्या व्याख्येत शिक्षक हे त्रयस्थ रक्षक मानले जातात. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यात ऑगस्ट २०२३ मध्ये समोर आलेल्या चित्रफितीने हे गृहीतकच मोडले. सात वर्षांच्या एका मुस्लिम मुलाला वर्गातील इतर मुलांनी एकामागून एक येऊन थप्पड मारावी, असे शिक्षिका सांगत असल्याचे त्या चित्रफितीत दिसत होते. महात्मा गांधींचे पणतू तुषार गांधी यांच्या याचिकेवर न्या. अभय ओक आणि न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठाने सुनावणी केली. तपासावर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची देखरेख, मुलाला चांगल्या शाळेत प्रवेश आणि तज्ज्ञांकडून समुपदेशन असे आदेश न्यायालयाने दिले. समुपदेशन कसे व्हावे हे सुचवण्याची जबाबदारी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेवर सोपवण्यात आली.

या प्रकरणाचा एक कमी चर्चिला गेलेला भाग असा, की न्यायालयाने थप्पड मारणाऱ्या मुलांच्या समुपदेशनाचाही आग्रह धरला आणि ते झालेले नसल्याबद्दल २०२४ च्या आरंभी राज्य सरकारकडे नाराजी व्यक्त केली. सहा-सात वर्षांच्या त्या मुलांनी वर्गात शिक्षिकेचे ऐकले होते. एखाद्याला सर्वांनी मिळून मारणे योग्य असते, हा धडा त्यांना अधिकृतपणे मिळाला होता. तो तसाच राहू देणे म्हणजे पुढच्या वर्गातील छळाची पेरणी करणे होय.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते. या कलमाकडे सहसा शिक्षकाने हात उगारण्यापुरते पाहिले जाते. वर्गासमोर गुण वाचून दाखवणे, वजनावरून किंवा बोलीवरून टोमणा मारणे, ‘ढ’ मुलांचा वेगळा बाक ठेवणे या गोष्टीही मुले टिपत असतात. कोणाची टर उडवायला परवानगी आहे, हे वर्गाला बहुधा फळ्याच्या बाजूनेच कळते.

परिपत्रकातील शाळा आणि प्रत्यक्षातील शाळा

सीबीएसईने ९ मार्च २०१५ रोजी छळ व रॅगिंग रोखण्यासाठी सविस्तर परिपत्रक काढले. प्रत्येक शाळेत छळविरोधी समिती असावी आणि तीत उपप्राचार्य, ज्येष्ठ शिक्षक, शाळेचे डॉक्टर, समुपदेशक, पालक-शिक्षक संघाचा, व्यवस्थापनाचा व कायद्याच्या क्षेत्रातील प्रतिनिधी आणि विद्यार्थी असावेत, असे त्यात म्हटले आहे. ताकीद, निलंबन, दंड, निकाल रोखणे आणि अपवादात्मक स्थितीत शाळेतून काढून टाकणे अशा शिक्षाही नमूद आहेत.

या यादीसमोर केंद्र सरकारच्या ‘यूडायस प्लस’ अहवालातील आकडे ठेवून पाहावेत. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे १४ लाख ७१ हजार शाळा होत्या आणि त्यांपैकी १ लाख ४ हजारांहून अधिक शाळांत एकच शिक्षक होता. या एकशिक्षकी शाळांत ३३ लाखांवर मुले शिकतात. तेथे उपप्राचार्य, डॉक्टर आणि वकील कोठून आणायचे? परिपत्रक अर्थातच सीबीएसई संलग्न शाळांपुरते आहे; परंतु राज्य मंडळांच्या बहुसंख्य शाळांसाठी इतका सविस्तर आराखडाही सर्वत्र नाही. महाराष्ट्रात तक्रारपेट्या बंधनकारक आहेत आणि मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार ‘सखी सावित्री’ समित्याही आहेत. समिती स्थापन झाल्याचा अहवाल वर पाठवणे आणि पेटी ठरलेल्या दिवशी साक्षीदारांसमक्ष उघडली जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिक्षेची यादीही तपासून पाहण्यासारखी आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढण्यास मनाई करते. अनुत्तीर्ण न करण्याचे धोरण २०१९ च्या दुरुस्तीने सैल झाले तरी ही मनाई कायम आहे. म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलाला काढून टाकण्याची धमकी कायद्याच्या कसोटीवर टिकणारी नाही. ती टिकली असती तरी उपयोगी पडली असती का, हाही प्रश्नच आहे. अमेरिकेत ‘शून्य सहिष्णुते’च्या नावाखाली सरसकट निलंबनाचे धोरण राबवले गेले. त्यामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष तेथील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या कार्यदलाने २००८ मध्ये काढला. शिक्षा जितकी मोठी, तितके साक्षीदार गप्प बसतात आणि मुख्याध्यापक प्रकरण ‘समजुतीने’ मिटवतात, असा अनुभव शाळांतून ऐकू येतो.

महाविद्यालयांची स्थिती तुलनेने बरी आहे, निदान कागदावर. हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये रॅगिंगविरोधी नियम केले, राष्ट्रीय हेल्पलाइन सुरू झाली आणि प्रवेशावेळी प्रतिज्ञापत्र घेतले जाऊ लागले. तमिळनाडू (१९९७), केरळ (१९९८) आणि महाराष्ट्र (१९९९) यांनी त्यापूर्वीच कायदे केले होते. सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी बारावीतून पदवीच्या पहिल्या वर्षात जाताच त्याच्या संरक्षणासाठी राष्ट्रीय यंत्रणा उभी राहते. त्याच्या धाकट्या भावंडासाठी ती नाही.

हे अंतर काहीसे भरून काढणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिला. विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचा तपास सीबीआयकडे सोपवताना न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण आणि जात, वर्ग, लिंग, अपंगत्व, धर्म, लैंगिकता आदींवरून होणाऱ्या छळाची गोपनीय तक्रार करण्याची सोय यांचा त्यात समावेश आहे. संसदेने किंवा विधिमंडळांनी कायदा करेपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत. तक्रारीवर कार्यवाही न झाल्यास संस्थेला जबाबदार धरण्याची भाषाही त्यात आहे. अडचण नेहमीचीच आहे. प्रशिक्षित समुपदेशकांची संख्या देशातील शाळांच्या मानाने फारच तोकडी आहे आणि त्यांच्या वेतनाचा बोजा कोणी उचलायचा, हे राज्यांनी ठरवायचे आहे.

मोबाइलमुळे शाळेची भिंतही उरलेली नाही. पूर्वी शाळा सुटली की त्रास तात्पुरता थांबे; आता वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात तो रात्रीही चालू राहतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या बनावट छायाचित्रांची त्यात भर पडली आहे. ‘हे शाळेबाहेर घडले’ हे उत्तर शाळा देते, ‘हे शाळेतल्या मुलांनी केले’ असे सांगून पोलीस परत शाळेकडे बोट दाखवतात. लैंगिक स्वरूपाच्या प्रतिमांसाठी पोक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे आहेत. त्याखालच्या पायरीवरील अपमानासाठी मुलाकडे पुरावा म्हणून स्क्रीनशॉटपलीकडे काही नसते.

नालंदा जिल्ह्यातील पेटी

मनुष्यबळ नाही, म्हणून काहीच करता येत नाही, या युक्तिवादाला देशातच एक उत्तर मिळालेले आहे. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. सुमारे ७५ शाळांची तीन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटात स्थानिक, पदवीपर्यंत शिकलेल्या पण मानसोपचाराची पदवी नसलेल्या तरुणांना प्रशिक्षण देऊन ‘सेहेर मित्र’ म्हणून नेमले गेले. दुसऱ्या गटात हेच काम शाळेतील शिक्षकांकडे दिले गेले. तिसऱ्या गटात नेहमीचाच जीवनकौशल्याचा अभ्यासक्रम ठेवला. कामात अवघड काही नव्हते : परिपाठात चर्चा, भित्तिपत्रक, मुले व शिक्षकांची समिती, मनातले लिहून टाकण्यासाठी पेटी आणि ज्यांना हवे त्यांच्याशी एकट्याने बोलणे.

‘लॅन्सेट’ मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष धोरणकर्त्यांनी पुन्हा पुन्हा वाचावेत असे आहेत. जेथे ‘सेहेर मित्र’ होते तेथे शाळेतील वातावरण लक्षणीयरीत्या सुधारले, छळ, हिंसा आणि नैराश्याची लक्षणे घटली. जेथे तेच काम, तीच पेटी, तोच आराखडा शिक्षकांकडे होता, तेथे फरक जवळपास पडला नाही. शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. परीक्षा, जनगणना, निवडणूक आणि माध्यान्ह भोजनाच्या नोंदी सांभाळणाऱ्या माणसावर आणखी एक काम टाकले की त्याचे असेच होते. शिवाय जो गुण देतो, शिक्षा करतो आणि पालकांना बोलावतो, त्याच्यापाशी सर्व काही सांगणे मुलाला कठीण जाते.

या प्रयोगामुळे प्रश्नाची मांडणी बदलते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार प्रत्येक शाळेत पदवीधर मानसोपचारतज्ज्ञ मिळेपर्यंत राज्यांना थांबायचे आहे की मूल्यमापन किंवा गुणांशी संबंध नसलेली, गावातीलच, प्रशिक्षित आणि पगारी व्यक्ती नेमायची आहे? तमिळनाडूच्या अहवालातील शाळा कल्याण अधिकारी आणि नालंद्याचा ‘सेहेर मित्र’ या दोन्ही कल्पना एकाच जागी येऊन मिळतात. वेतनाचा खर्च मात्र दोन्हींत आहे, आणि समिती स्थापन करण्यापेक्षा तो जास्त आहे. बहुतेक राज्यांनी आजवर समितीच का निवडली, याचे उत्तर कदाचित येथेच आहे.

पालकांच्या हाती तूर्त जे आहे ते मर्यादित, पण कामाचे आहे. तोंडी सांगण्याऐवजी तारीख-वार घालून लेखी तक्रार देणे, तिची पोच घेणे, मुलाला त्या काळात कोणासोबत बसवले जाईल व बसमध्ये कोण असेल याची लेखी हमी मागणे आणि शाळेने दाद न दिल्यास गटशिक्षणाधिकारी, संबंधित मंडळ किंवा राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाणे, असा क्रम वकील व बालहक्क कार्यकर्ते सुचवतात. आपलेच मूल छळ करणाऱ्यांत असल्याचे कळल्यावर काय करायचे, याविषयी मात्र पालकसभांत क्वचितच बोलले जाते.

मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ हा क्रमांक आणि मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क उपलब्ध आहे. ‘टेलि-मानस’वर मराठीतही बोलता येते.